पंच्याऐंशीची लेन्स आणि शहाऐंशीचा ऊस

बारामतीत माझा फोटो स्टुडिओ आहे, हे माझ्या सासऱ्यांनी लग्नानंतरच्या सहा वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं. त्यांच्या गावी, पणदऱ्यात, कुणी विचारलं, "तात्या, जावई काय करत्यात?" तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "बारामतीला दुकान हाय." एवढं बोलून ते लगेच कालव्याच्या पाण्याच्या पाळीवर घसरायचे. कसलं दुकान, हे ऐकणाऱ्यानं आपापलं ठरवायचं. त्यामुळं निम्मं गाव मला खतवाला समजत होतं आणि निम्मं मोबाईलवाला. एकदा एका लग्नात एका गृहस्थानं मला कोपऱ्यात घेऊन ठिबकच्या नळ्या कोणत्या चांगल्या, हे विचारलं. मीही त्यांना जमेल तेवढं सांगितलं.

मी त्यांना मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी. मामा माणूस मोकळा, तोंडानं फाटका. मुलगा पुण्याहून आला की त्याला उभा-आडवा झोडपतात, लेकीलाही सोडत नाहीत. पण मी पडलो जावई. माझ्याशी बोलताना त्यांचा आवाज एकदम खाली यायचा. "पावणं, च्या घ्या. पावणं, पंखा लावू का?" माझ्या धंद्याबद्दल त्यांना काय वाटतं, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, आणि न बोलण्यातूनच मला ते पुरेपूर कळत होतं. फोटो काढणं हे काम आहे, यावर त्यांचा विश्वास नव्हता. काम म्हणजे ज्यात पाठ दुखते ते. खरं सांगतो, मला त्या मानपानाचा कंटाळा आला होता. त्यांनी एकदा मला चांगलं झापावं आणि एकदा चारचौघांत माझं दुकान कसलं आहे ते सांगावं, एवढीच माझी इच्छा होती.

अशात मी ती लेन्स घेतली.

मी मूळचा इंदापूर तालुक्यातल्या बावड्याचा. इंदापूरला एक लग्नाचे फोटो काढणारे गृहस्थ ओळखीचे होते. त्यांना ड्रोनचं वेड लागलं आणि त्यांनी जमिनीवरून फोटो काढायचं जवळजवळ सोडूनच दिलं. त्यांच्याकडून ही पंच्याऐंशीची, म्हणजे पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स मी घेतली. हिला झूम नाही. माणूस मोठा हवा तर आपण पुढं जायचं, लहान हवा तर मागं सरायचं, सगळी कसरत आपल्या पायांनी. पण हिचं तोंड मोठं. पूर्ण उघडली की भरपूर उजेड आत घेते, आणि मग जिथं फोकस धरला तेवढंच धारदार, बाकी सगळं विरघळून जातं. डोळ्यावर धरला तर पापणीचे केस मोजता येतात, आणि कान मात्र मऊ झालेले असतात. मागचा विजेचा खांब, टपरी, उकिरडा, सगळं गायब.

मी वेडा झालो होतो, यात शंका नाही. स्टुडिओत आलेल्या प्रत्येकाला मी मागच्या गल्लीत नेऊन उभं करू लागलो. लग्नाच्या बायोडेटाला फोटो काढायला आलेल्या पोरी खूश. "मागचं ब्लर केलं ना, दादा?" असं विचारून, बघून, नाचतच जायच्या. बायको म्हणायची, "अहो, आपल्या लेकीचेही फोटो काढा की, पण नाक तरी दोन्ही बाजूंनी दिसू द्या." मी तिला कलेतलं काही कळत नाही असं सांगायचो. ती बिचारी गप्प बसायची नाही, एवढं मात्र नोंदवून ठेवतो.

त्या हिवाळ्यात मामांच्या उसानं नाव काढलं. आडसाली ऊस, दीड वर्ष रानात उभा राहिलेला, डोक्याच्या वर दोन माणसं उभी करावीत इतका उंच, आणि कांडी मनगटाएवढी. गावातल्या सोसायटीनं रविवारी मामांचा सत्कार ठरवला. सत्कार म्हटलं की चौकात फ्लेक्स आलाच, आणि फ्लेक्स म्हटलं की फोटो. तेव्हा बायकोनं माहेरी फोन करून परस्पर ठरवून टाकलं की फोटो आपल्या घरचाच माणूस काढेल.

मामा फोनवर नुसतं म्हणाले, "पावण्यांना कशाला तरास?" पण नको म्हणाले नाहीत.

मला ही संधी वाटली. गावातला प्रत्येक माणूस चौकातून जाणार, फ्लेक्स बघणार, विचारणार की फोटो कुणी काढला. मग मामांना सांगावंच लागणार. मी बुधवारी सकाळी ऊन कोवळं असतानाच बांधावर हजर झालो.

मामा पांढरा फेटा बांधून, इस्त्रीची बंडी घालून, उसासमोर हातातल्या काठीवर भार देऊन उभे होते. आदल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. चारेक महिने खाटेवर गेले, तेव्हापासून काठी आली. पोलीस पाटलासमोर जबानी द्यायला उभे असावेत तसे ते ताठ झाले होते. मामी मागं सातआठ पावलांवर, उसाच्या धारेलाच, चहाची किटली आणि कप घेऊन थांबल्या होत्या. मामींचा फोटो काढायची गोष्टच कुणाच्या मनात नव्हती, त्यांच्याही नाही. घरातल्या सगळ्या जुन्या फोटोंत मामी आहेत, पण दाराच्या चौकटीत अर्ध्या, नाहीतर पदर तोंडावर धरलेल्या.

मामांनी माझ्या हातातल्या लेन्सकडं पाहिलं. "केवढ्याची हाय?" म्हणजे किंमत विचारतात असं मला वाटलं, पण त्यांना नंबर विचारायचा होता. मी म्हणालो, "पंच्याऐंशीची."

"आमचा ऊस शहाऐंशी बत्तीस हाय," मामा म्हणाले. वाणाचा नंबर तो. "एकानं मागंच ऱ्हायला म्हणायचं तुमी." आणि आमच्या सहा वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा मामा माझ्याशी गंमत करून हसले. मला इतका आनंद झाला की मी लेन्स पूर्ण उघडली आणि धडाधड सुरू झालो.

काय सांगू, चेहराच तसा होता. उन्हानं भाजलेला, गालावर दोन दिवसांची पांढरी खुंटं, डोळ्यांत उसाची हिरवी झाक. एकेक फोटो मागच्या छोट्या पडद्यावर बघताना मी स्वतःच्याच प्रेमात पडत होतो. मामी मागून म्हणाल्या, "आवं, जरा हसा की. कुणी मारतंय का तुमाला?" तसे मामा आणखीच ताठ झाले आणि मामींना हसू फुटलं.

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. ते बंडीच्या खिशात हात घालायला डावीकडं वाकले. माझं बोट बटणावर होतंच, ते दाबलं गेलं. पडद्यावर बघितलं तर मामा फोटोच्या कडेला नुसता धुरकट गोळा. फोकस हुकला होता. वाया गेला म्हणून मी पुढं सरकलो.

फोन कारखान्याच्या चिटबॉयचा होता. चिटबॉय म्हणजे कुणाच्या उसाला कधी तोड मिळणार ते सांगणारा माणूस. नाव बॉय असलं तरी हे आमचे गृहस्थ पन्नाशीचे आहेत. मामा फोन ठेवून म्हणाले, "उद्या सकाळी तोडणीची टोळी येतीया. लई झकास झालं." मग जरा थांबून माझ्याकडं बघत म्हणाले, "पावणं, फोटू ठीक आल्यात न्हवं? एकदा नीट बघा. उद्या दुपारी हितं काय नसायचं."

त्यांनी विचारलं होतं. स्पष्ट विचारलं होतं. आणि मी कॅमेऱ्यावर थाप मारून म्हणालो, "मामा, एक नंबर!"

शुक्रवारी संध्याकाळी मी, बायको आणि काचेच्या फ्रेममध्ये घातलेला एक मोठा फोटो, असे तिघं पणदऱ्याला पोचलो. वाटेत रानाकडं नजर गेली. तोड होऊन गेली होती. जिथं उसाची भिंत होती तिथं पाचट पसरलं होतं आणि पलीकडच्या वस्तीवरची पाण्याची टाकी पहिल्यांदाच दिसत होती.

ओसरीवर मी कागद सोडून फ्रेम मामांच्या हातात दिली आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो. मामांनी चष्मा लावला. फ्रेम लांब धरली, जवळ धरली. शेवटी फोटोतल्या स्वतःच्या कानामागं बोट ठेवून त्यांनी विचारलं, "पावणं, हे हिरवं काय हाय?"

"ऊस आहे, मामा."

"कुठाय ऊस?"

"तोच. मागं. तो ब्लर झालाय. म्हणजे मुद्दाम केलाय. त्यामुळं चेहरा उठून दिसतो."

मामांनी फ्रेम खाली टेकवली. त्यांच्या चेहऱ्यावर जावयाचा मान आणि मनातला राग यांची झटापट चालली होती, आणि मला ती सरळ दिसत होती. मग ते अगदी हळू म्हणाले, "चेहरा माझा सत्तर वरसं हाय तसाच हाय, पावणं. सत्कार उसाचा हाय."

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. लेन्सची एक चकती फिरवून अकरावर नेली असती, म्हणजे तोंड बारीक केलं असतं, आणि दहा पावलं मागं गेलो असतो, तर मामा आले असते आणि पानन् पान ऊसही आला असता. एवढंसं काम. ते मला येत नव्हतं असंही नाही. मी माझी लेन्स दाखवायला गेलो होतो. मामांना काय दाखवायचंय ते मी विचारलंच नव्हतं.

फ्लेक्सवाल्याला सकाळपर्यंत फोटो हवा होता. बायकोनं सुचवलं, "शेजारच्या रानात ऊस उभा आहे, उद्या पहाटे तिथं काढू." मामा तिच्यावर उसळले, कारण ती लेक. "दुसऱ्याच्या उसाम्होरं उभा ऱ्हाऊन सत्कार घेऊ? लाज वाटत न्हाय?" मी चाचरत म्हणालो की कॉम्प्युटरवर मागं ऊस चिकटवता येईल.

"कुणाचा ऊस?"

"इंटरनेटवरचा."

"वाण कोनचा?"

आत मामी हसल्याचा आवाज आला आणि मामांनी "तुला काय झालं हसाया?" म्हणून तिकडं ओरडून घेतलं. मग माझ्याकडं वळून पुन्हा खालच्या आवाजात, "बाकीचं फोटू असत्याल की. दाखवा."

मी लॅपटॉप उघडला. मामा खुर्ची ओढून बसले आणि एकेक फोटो पुढं सरकवायला लावला. मामांचा डोळा, मामांच्या मिशा, मामांचा फेटा, आणि प्रत्येकात मागं तेच हिरवं. पन्नासेक झाल्यावर तो वाया गेलेला फोटो आला. मी घाईनं पुढं जायला लागलो, तशी मामांनी माझं मनगट धरलं.

"थांबा."

फोटोच्या डाव्या कडेला एक पांढरा धुरकट गोळा होता, तो मामांचा फेटा. मामा खिशाकडं वाकले त्या क्षणी मधली जागा रिकामी झाली आणि कॅमेऱ्यानं फोकस मागं नेऊन धरला होता. तिथं मामी होत्या. एका हातात किटली, दुसऱ्या हातात कप, आणि पदर घ्यायला हात मोकळा नव्हता म्हणून तोंड भरून हसत होत्या. दात दिसत होते, गालावरचं गोंदण दिसत होतं. आणि त्या उसाच्या अगदी कडेला उभ्या असल्यानं त्यांच्याबरोबर ऊसही स्वच्छ आला होता. कांडी दिसत होती, कांडीवरचे डोळे दिसत होते, पानाची धार हाताला लागेल इतकी स्पष्ट. सगळ्या फोटोंत मामांचा ऊस एवढ्या एकातच होता, आणि त्यात मामा नव्हते.

मामा बघत राहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग आत हाक मारली, "अगं ए, हितं ये."

मामी पिठाच्या हातानं आल्या, बघितलं आणि "अगं बया!" म्हणून पिठाच्या हातासकट पदर तोंडावर घेतला. "पुसा ते आधी. किती दात दिसत्यात."

"हा द्या फ्लेक्सला," मामा म्हणाले.

मला वाटलं चेष्टा आहे. "मामा, यात तुम्ही दिसत नाही. आणि हा चुकून आलाय. फोकस हुकलाय माझा."

"ऊस दिसतोय न्हवं?" मामा उठले. "झालं तर. ह्यात काय फेरफार करायचा न्हाय. मला कापायचा बी न्हाय."

सकाळी फ्लेक्सवाल्याचा फोन आला. "साहेब, फोटो आउट आहे. तात्यांचा चेहराच नाही. दुसरा पाठवा." मी म्हणालो, हाच लाव. तो म्हणाला, तुम्ही फोटोग्राफर असून असं सांगताय? मी डोळे मिटून पुन्हा म्हणालो, हाच लाव. त्या दिवशी स्टुडिओत माझं कशातच लक्ष लागलं नाही. गावात मला कुणी फोटोग्राफर म्हणून ओळखत नव्हतं, हे किती बरं होतं, असं त्या रात्री मला वाटू लागलं.

रविवारी चौकात फ्लेक्स लागला होता. वर मोठ्या अक्षरांत मामांचं अभिनंदन, आणि खाली किटली घेऊन खळखळून हसणाऱ्या मामी, त्यांच्यामागं ऊस, आणि कडेला एक पांढरा ढग. मांडवात बसलेली माणसं माना वळवून वळवून बघत होती. मामी बायकांच्या घोळक्यात शेवटी, पदरात तोंड खुपसून बसल्या होत्या. मी कॅमेरा पाठीमागं धरून खांबाच्या आड उभा होतो.

मामा सत्काराची शाल खांद्यावर घेऊन खाली उतरले, तेव्हा त्यांच्याच वयाच्या एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं विचारलं, "तात्या, सत्कार तुमचा आन फ्लेक्सवर तुमीच न्हाय! काढला कुणी ह्यो?"

"आमच्या जावयानं."

"आवं, मग त्यास्नी क्यामेरा धरता येत न्हाय जनू!"

मांडव हसला. हाच प्रश्न गावानं विचारावा म्हणून मी बुधवारी बांधावर गेलो होतो, आणि आता तो विचारला गेला होता.

मामा काठीवर वळले. सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले. "धरता येतो की. चांगला येतो. गुडघा कापला तवा चार म्हैनं मी खाटंवर हुतो. पाणी कुणी धरलं? लाईट रातची यायची, सरीत कोन उभं हुतं? ही. ऊस हिचा हाय. मग क्यामेरा हिच्यावर धरला तर चुकलं कुठं? त्यांनी बराबर बघून धरलाय."

त्यांनी बरोबर बघून धरलेला नव्हता. मामांना ते माहीत होतं, मीच सांगितलं होतं. माणसं हसायची थांबली होती. बायकांच्या घोळक्यात कुणीतरी मामींना कोपरानं ढोसलं.

"कुठं असत्यात जावई?" म्हाताऱ्यानं जरा नरमाईनं विचारलं.

"बारामतीला," मामा म्हणाले. "बारामतीला फोटूचं दुकान हाय."

सहा वर्षं ऐकलेलं तेच वाक्य होतं, त्यात फक्त एक शब्द वाढला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायच्या आधीच मामांनी मला खांबाआड बघितलं. तिथूनच ते गरजले, जसे स्वतःच्या मुलावर गरजतात तसे, "आन तितं काय लपून बसलाय? ती हसतीया तवर काढा की अजून एक! का टोळी यायची वाट बघताय?"

मी कॅमेरा वर घेतला. बायकांनी मामींना उचलून फ्लेक्सखाली आणलं होतं, मामा त्यांच्या शेजारी जाऊन काठी टेकून उभे राहिले होते, आणि मामी पदर तोंडाकडं नेता नेता विसरल्या होत्या. मी लेन्सची चकती अकरावर नेली आणि मागं सरू लागलो. चौक ओलांडला, चहाच्या गाड्यापर्यंत गेलो.

"अरं, लांब कुठं निघालास?" मामा ओरडले.

या वेळी मला मागचं सगळं हवं होतं.